लघुलहरींवरची शर्यत : हॅम रेडिओ स्पर्धांचे तंत्र आणि शिष्टाचार

दरवर्षी ऑक्टोबर महिन्याच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी जगभरातील हजारो हौशी रेडिओचालक आपापल्या यंत्रांसमोर बसतात आणि एकमेकांना हाका देत राहतात. भारतीय वेळेनुसार ही धांदल शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि ४८ तासांनी, सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. या अवधीत अधिकाधिक देशांतील अधिकाधिक केंद्रांशी बिनतारी संपर्क साधायचा आणि प्रत्येक संपर्काची बिनचूक नोंद ठेवायची, असे या खेळाचे स्वरूप आहे. 'सीक्यू वर्ल्ड वाइड डीएक्स कॉन्टेस्ट' हे या स्पर्धेचे नाव. 'डीएक्स' म्हणजे दूरचे अंतर. १९४८ पासून ही स्पर्धा होत आली असून, नोव्हेंबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी तिचा मोर्स संकेतांतील भाग पार पडतो.

साधारण याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी चालू असते. रेडिओ म्हटला की येथील माणसाला आठवते ते आकाशवाणीचे यवतमाळ केंद्र. तेथे एक बोलतो आणि हजारो ऐकतात. हॅम रेडिओत मात्र ऐकणारा प्रत्येक जण बोलणाराही असतो. त्यामुळे केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, याचे नियम तेथे फार महत्त्वाचे ठरतात. स्पर्धेच्या गर्दीत या नियमांची खरी परीक्षा होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा यंत्रांच्या ताकदीचा खेळ वाटतो; प्रत्यक्षात तो नीट ऐकण्याचा आणि खरे लिहिण्याचा खेळ आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

हॅम म्हणजे कोण?

परीक्षा देऊन, सरकारचा परवाना घेऊन, कोणत्याही आर्थिक लाभाशिवाय बिनतारी संदेशवहन करणाऱ्या हौशी व्यक्तीला 'हॅम' म्हणतात. प्रत्येक परवानाधारकाला एक संकेतनाम मिळते आणि जगात त्या नावाचे दुसरे कोणी नसते. भारतीय हॅमचे संकेतनाम सहसा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. त्यापुढचा अंक आणि त्यानंतरची अक्षरे मिळून त्या व्यक्तीची ओळख पूर्ण होते. अंदमान-निकोबारसाठी 'व्हीयू फोर' आणि लक्षद्वीपसाठी 'व्हीयू सेव्हन' ही उपपदे आहेत.

भारतात या छंदाला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. १९२१ मध्ये अमरेंद्र चंद्र गुप्तू हे देशातील पहिले हॅम ठरले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९४२ च्या 'भारत छोडो' आंदोलनात मुंबईतून गुप्तपणे चाललेल्या काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपणयंत्र उभारण्यात नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओचालकाचा हात होता. या प्रक्षेपणामुळे उषा मेहता यांचे नाव इतिहासात गेले. यंत्रामागची विद्या मात्र हौशी मंडळींची होती.

शर्यत कशासाठी?

मोर्स संकेतांतील स्पर्धेत हाक देताना शेवटी 'टेस्ट' असा शब्द पाठवितात. स्पर्धेला 'कॉन्टेस्ट' म्हणतात, त्याचे हे लघुरूप आहेच. पण त्यात एक जुना अर्थही दडलेला आहे. हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून कमी तरंगलांबीचे, म्हणजे त्या काळी निरुपयोगी समजले जाणारे पट्टे देण्यात आले होते. या लहरी अटलांटिक महासागर ओलांडतात काय, हे पाहण्यासाठी डिसेंबर १९२१ मध्ये चाचण्या घेण्यात आल्या आणि अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांच्यातील हौशी केंद्रांनी दोन्ही बाजूंनी संवाद साधला. टाकाऊ ठरविलेल्या लघुलहरीच लांब पल्ल्याच्या ठरल्या.

आजच्या स्पर्धा या चाचण्यांच्या वारस आहेत. एका शनिवार-रविवारी जगभरची हजारो केंद्रे एकाच वेळी जागी झाली की कोणत्या तासाला कोणत्या दिशेने कोणता पट्टा उघडतो, आपली अँटेना किती चालते आणि आपला कान किती तयार आहे, हे प्रत्येकाला कळते. वर्षभराचा अनुभव दोन दिवसांत पदरी पडतो.

गुणांचे गणित

या स्पर्धेसाठी सारे जग ४० विभागांत वाटलेले आहे. भारत २२ व्या विभागात येतो. श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, भूतान आणि मालदीव हे शेजारीही त्याच विभागात आहेत. अंदमान-निकोबार मात्र २६ व्या विभागात मोडते. संपर्क झाला की दोन्ही केंद्रांनी एकमेकांना संदेशाच्या दर्जाचा अंक आणि आपला विभाग क्रमांक सांगायचा. भारतीय केंद्र "फाइव्ह नाइन, टू टू" एवढेच बोलते. संदेश कितीही क्षीण असला तरी दर्जा 'फाइव्ह नाइन' असाच सांगण्याचा रिवाज पडला आहे. लग्नपत्रिकेतील 'सहकुटुंब सहपरिवार' जसे, तसेच हे.

दुसऱ्या खंडातील केंद्राशी संपर्क झाल्यास तीन गुण, आपल्याच खंडातील दुसऱ्या देशाशी झाल्यास एक गुण आणि आपल्याच देशातील केंद्राशी झाल्यास शून्य गुण मिळतात. म्हणजे यवतमाळच्या केंद्राला जर्मनीचे तीन, जपानचा एक आणि पुण्याचा शून्य गुण. मात्र प्रत्येक पट्ट्यावर पहिल्यांदा भेटलेला देश आणि पहिल्यांदा भेटलेला विभाग हे 'गुणक' ठरतात. एकूण गुणांना एकूण गुणकांनी गुणले की अंतिम धावसंख्या मिळते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या केंद्राने इतर खंडांशी २०० आणि आशियातील अन्य देशांशी १०० संपर्क साधले. त्याचे गुण झाले ७००. सर्व पट्ट्यांवर मिळून ३० विभाग आणि ६० देश जमले, म्हणजे गुणक ९०. धावसंख्या ६३,०००. आता यात जुन्याच देशाचा, दुसऱ्या खंडातील आणखी एक संपर्क मिळविला तर २७० ची भर पडते. तोच संपर्क नव्या देशाचा असेल तर धावसंख्या ९७३ ने वाढते. म्हणून अनुभवी स्पर्धक एकाच जागी हाका देत बसावे की नवे देश शोधत पट्टा पालथा घालावा, याचा हिशेब सतत मनात करीत असतो.

चुकीची किंमतही पाहण्यासारखी आहे. स्पर्धेनंतर सर्वांच्या नोंदी संगणकाद्वारे परस्परांशी ताडून पाहिल्या जातात. एका अक्षराने चुकलेले संकेतनाम आढळले तर तो संपर्क रद्द होतो आणि त्याच्या गुणांच्या दुप्पट गुण दंड म्हणून वजा होतात. तीन गुणांचा एक संपर्क चुकला की नऊ गुण गेले; वरील उदाहरणात ८१० ची घट झाली. ती भरून काढण्यासाठी तसेच तीन बिनचूक संपर्क करावे लागतील. घाईने मिळविलेला लाभ येथे टिकत नाही, तो असा.

यवतमाळहून जग कसे दिसते?

नकाशावर अमेरिका आपल्या पश्चिमेला असते. म्हणून अँटेनाही पश्चिमेकडे वळवावी लागेल, असे कोणालाही वाटेल. पण पृथ्वी गोल असल्याने यवतमाळहून न्यूयॉर्कला जाणारा सर्वांत जवळचा मार्ग जवळजवळ उत्तरेला, उत्तर ध्रुवाजवळून जातो. अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. युरोपसाठी वायव्य दिशा धरावी लागते; लंडन साधारण ७,४०० किलोमीटरवर आहे. जपान ईशान्येला सुमारे ६,२०० किलोमीटरवर. ध्रुवाजवळून जाणारा मार्ग सौर वादळांनी सहज विस्कळीत होतो, म्हणून अमेरिकेचे संपर्क भारतीय केंद्राला कष्टानेच मिळतात.

लघुलहरी इतक्या दूर जातात त्या वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबर या विद्युतभारित थरांवरून परावर्तित होऊन. दिवसा यातील खालचा थर ८० आणि ४० मीटरच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि हे पट्टे दूरवर जाऊ लागतात. २०, १५ आणि १० मीटरचे पट्टे प्रामुख्याने सूर्यप्रकाशावर जगतात. पंचविसाव्या सौरचक्राने २०२४ मध्ये शिखर गाठले तेव्हा १० मीटरचा पट्टा विशेष गाजला. सौरचक्र उतरणीला लागले की हा पट्टा हळूहळू मुका होत जातो.

नोव्हेंबरच्या अखेरीस यवतमाळला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. स्पर्धा सुरू होते साडेपाचला. तो पहिला तास सोन्याचा. येथे अजून अंधार, लंडनला मध्यरात्र. ४० आणि ८० मीटरवर युरोपची वाट मोकळी असते. सूर्य वर आला की हे पट्टे मिटतात आणि वरच्या पट्ट्यांवर प्रथम पूर्वेकडील देश, दुपारपासून युरोप येऊ लागतो. सायंकाळी पावणेसहाच्या आत येथे सूर्य मावळतो, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नुकते उजाडत असते. संधिप्रकाशाच्या या पट्टीवर काही मिनिटे दोन्ही टोके एकमेकांना स्पष्ट ऐकतात. या थोड्या मिनिटांसाठी जाणता स्पर्धक चहाचा कपही बाजूला ठेवतो.

अति उच्च कंपनसंख्येच्या स्पर्धांत विभागांऐवजी अक्षांश-रेखांशांवर आधारलेले चौकोन मोजतात. प्रत्येक चौकोन दोन रेखांश रुंद आणि एक अक्षांश उंच असतो. २० उत्तर अक्षांश आणि ७८ पूर्व रेखांश या दोन्ही रेषा यवतमाळ जिल्ह्यातून जात असल्याने या एकाच जिल्ह्यात चार चौकोन येतात. यवतमाळ शहर आणि वणी 'एमएल ९०' मध्ये, दारव्हा व दिग्रस 'एमएल ८०' मध्ये, पुसद व उमरखेड 'एमके ८९' मध्ये, तर पैनगंगेकाठचे पाटणबोरी 'एमके ९९' मध्ये. गाडीत यंत्र घालून एका दिवसात चारही चौकोनांतून बोलता येईल, अशी सोय फार थोड्या जिल्ह्यांना लाभली आहे.

अडचणीही स्थानिक आहेत. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक वाचविण्यासाठी शेतकरी कुंपणाला झटका मशीन जोडतात. कुंपणाची तार कोठे गवताला टेकली वा सांधा सैल झाला की ठिणगी उडते आणि रेडिओवर दर सेकंदाला 'टक्‌ टक्‌' असा आवाज येतो. शहरात हलक्या प्रतीचे एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर हेच काम करतात. पावसाळ्यापूर्वीच्या विजांनी खालचे पट्टे कडकडत राहतात. अशा वेळी यंत्राची शक्ती वाढवून उपयोग नसतो. गोंगाटाचे मूळ शोधावे लागते. शेजारच्या शेतकऱ्याशी नीट बोलून तारेवरचे गवत काढून घेतले तर त्याचे कुंपणही अधिक परिणामकारक होते आणि आपला रेडिओही शांत होतो.

आधी ऐका, मग बोला

हौशी रेडिओचा पहिला शिष्टाचार म्हणजे ऐकणे. रिकामी वाटणारी जागा खरोखर रिकामी आहे काय, हे काही क्षण ऐकून ठरवायचे आणि तरीही "ही जागा वापरात आहे काय?" असे विचारायचे. मोर्समध्ये यासाठी 'क्यूआरएल' हा संकेत आहे. आपल्याला एक बाजू ऐकू येत नसली तरी तेथे दोघांचे संभाषण चालू असू शकते. उत्तर आले तर निमूटपणे पुढे जायचे.

दुसऱ्याच्या हाकेला उत्तर देताना आपले पूर्ण संकेतनाम एकदाच, स्पष्ट उच्चारायचे. गर्दीत 'बी', 'डी', 'पी', 'टी' ही अक्षरे सारखीच ऐकू येतात, म्हणून 'ब्राव्हो', 'डेल्टा', 'पापा', 'टँगो' असे ठरलेले आंतरराष्ट्रीय शब्द वापरतात. बालवाडीतील 'ब बदकाचा' याचेच हे मोठ्यांसाठीचे रूप. संकेतनामाची शेवटची दोन अक्षरेच सांगण्याची काहींना सवय असते. त्यामुळे समोरच्याला पुन्हा विचारावे लागते आणि सर्वांचा वेळ जातो.

एक आदर्श संपर्क असा होतो. समोरचा म्हणतो, "सीक्यू कॉन्टेस्ट" आणि आपले संकेतनाम. आपण आपले संकेतनाम एकदा सांगतो. तो ते उच्चारून म्हणतो, "फाइव्ह नाइन, वन फोर." आपण म्हणतो, "थँक यू, फाइव्ह नाइन, टू टू." तो 'थँक यू' म्हणून पुन्हा आपले संकेतनाम सांगतो आणि पुढच्याकडे वळतो. सारा व्यवहार दहा-बारा सेकंदांचा. हवापाण्याची चौकशी किंवा यंत्राचे वर्णन यांना येथे जागा नाही. तो तुटकपणा वाटला तरी वस्तुतः मागे रांगेत उभ्या असलेल्यांचा तो मान आहे.

गर्दीत समोरच्याने "व्हीयू टू, पुन्हा सांगा" असे विचारले तर फक्त तसे संकेतनाम असणाऱ्यानेच बोलावे. इतरांनी त्यात आवाज मिसळला तर ज्याचे नाव अर्धे कळले आहे तोही हरवतो. या एका नियमाचा भंग सर्वाधिक होतो आणि त्याचा त्रासही सर्वांनाच होतो. आपले नाव चुकीचे उच्चारले गेले तर लगेच दुरुस्त करावे. दुरुस्ती पक्की झाल्याशिवाय पुढे सरकू नये. जागा धरून हाका देणाऱ्यानेही आपले संकेतनाम वारंवार सांगावे. दहा-दहा संपर्क होऊनही नाव न सांगणारे केंद्र ऐकणाऱ्यांना ताटकळत ठेवते.

स्पर्धा खेळणाऱ्यांइतकाच न खेळणाऱ्यांचाही या लहरींवर हक्क आहे. म्हणूनच ३०, १७ आणि १२ मीटरच्या पट्ट्यांवर स्पर्धा घेतल्या जात नाहीत. ज्यांना निवांत गप्पा मारायच्या असतात त्यांच्यासाठी ती जागा मोकळी राहते. १४.३०० मेगाहर्ट्झ ही जागा आपत्कालीन संदेशांसाठी जगभर मानली जाते. तिच्याजवळ हाका देऊ नयेत. आवाज मोठा व्हावा म्हणून मायक्रोफोनची पातळी अवाजवी वाढविली तर आवाज फाटतो आणि शेजारच्या दोन-तीन जागा व्यापतो. असे केंद्र लाउडस्पीकरच्या भिंतीसारखे असते. त्याचे स्वतःचे शब्दही कोणाला कळत नाहीत.

कोणी चुकले तर लहरींवर त्याला दटावीत बसू नये, हाही एक शिष्टाचार आहे. दटावणाऱ्याचा आवाज मूळ गोंगाटात भरच घालतो.

पंच नसलेला खेळ

स्पर्धकाच्या खोलीत कोणी निरीक्षक नसतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरणे, मदत न घेता खेळत असल्याचे जाहीर करून इंटरनेटवरील सूचनांवरून केंद्रे शोधणे, स्वतःचीच जागा इतरांना इंटरनेटवरून कळविणे, नोंदीतील वेळा मागाहून बदलणे, दूरच्या ठिकाणचे ग्राहकयंत्र वापरणे, हे सारे करण्याचा मोह होऊ शकतो. नियमांनुसार प्रक्षेपक आणि ग्राहक यंत्रे ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात असावी लागतात. नोंदी परस्परांशी ताडून पाहण्याच्या पद्धतीमुळे आणि ध्वनिमुद्रणांमुळे अनेक लबाड्या उघडकीस येतात, गुन्हेगार बादही होतात. पण सर्वच पकडता येत नाहीत. सहभागी होताना स्पर्धक आपण आपल्या देशाचे परवाना नियम आणि स्पर्धेचे नियम पाळले, अशी ग्वाही देतो. खेळ त्या शब्दावर उभा आहे.

भारतीयांसाठी यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्पर्धेचे नियम १,५०० वॅटपर्यंत शक्ती वापरू देतात. परंतु भारतातील परवाना तेवढी मुभा देत नाही. तसेच भारतात ४० मीटरचा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. अमेरिकी केंद्रे त्याच्या वर, ७.३ पर्यंत बोलताना ऐकू येतात. एखादा दुर्मीळ देश तेथे हाक देत असला तरी आपण तेथे प्रक्षेपण करायचे नाही. ऐकणे आणि सोडून देणे, हाही येथे खेळाचाच भाग आहे.

शंका आलेली नोंद अंदाजाने भरू नये, पुन्हा विचारावे. पुन्हा विचारूनही कळले नाही तर संपर्क सोडावा. मागाहून यादी पाहून 'हेच असावे' असे नाव लिहिणे ही अप्रामाणिकपणाची सर्वांत सौम्य आणि म्हणूनच सर्वांत सहज घडणारी तऱ्हा आहे.

साधने : गरजेपुरती आणि योग्य

स्पर्धेसाठी लाखोंची यंत्रणा लागते, हा समज चुकीचा आहे. १०० वॅटचे एक साधे प्रक्षेपक-ग्राहक यंत्र, १३.८ व्होल्टचा वीजपुरवठा, हेडफोन, मायक्रोफोन किंवा मोर्सची कळ, नोंदीसाठी संगणक आणि एक चांगली अँटेना एवढ्यावर उत्तम सुरुवात होते. पाच वॅट वा त्याहून कमी शक्तीने खेळणाऱ्यांसाठी वेगळा गटही असतो.

खर्च करायचाच असेल तर तो अँटेनावर करावा. सर्वांत सोपी अँटेना म्हणजे मधोमध तोडलेली तांब्याची तार, जिला द्विध्रुव किंवा डायपोल म्हणतात. तिची एकूण लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झमधील कंपनसंख्येने भागावे. १४.१५ मेगाहर्ट्झसाठी सुमारे १०.१ मीटर आणि ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २०.१ मीटर तार पुरते. ती जमिनीपासून जितकी उंच, तितका दूरचा पल्ला. २० मीटरच्या पट्ट्यासाठी दहा मीटर उंची मिळाली तर उत्तम. दुमजली घराची गच्ची आणि एक खांब यांत हे जमते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सोसायटीची संमती आधी मिळवावी लागते. गच्चीवरील तार कशासाठी आहे आणि ती पाण्याच्या टाकीच्या वा केबलच्या आड येणार नाही, हे नीट समजावून सांगितल्यास बरेच काम होते.

ग्राहकयंत्रात प्रबळ आवाजांच्या शेजारचा क्षीण आवाज वेगळा काढण्याची क्षमता हवी. नोंदींसाठी मोफत मिळणारे संगणक कार्यक्रम एकाच केंद्राशी त्याच पट्ट्यावर दुसऱ्यांदा संपर्क होत असेल तर लगेच इशारा देतात आणि धावसंख्याही मोजत राहतात. संगणकाचे घड्याळ मात्र आंतरराष्ट्रीय प्रमाण वेळेवर लावून ठेवावे. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचपूर्वी झालेला संपर्क आंतरराष्ट्रीय वेळेत आदल्या दिवसाच्या तारखेला मोडतो. नवख्यांच्या नोंदी येथेच घसरतात.

विजेच्या लपंडावावर उपाय म्हणजे बॅटरी. १०० वॅटचे यंत्र पूर्ण शक्तीने बोलताना सुमारे २० अँपिअर प्रवाह घेते. नुसते ऐकताना फारच कमी. शक्ती निम्मी केली तर समोरच्याला क्वचितच फरक कळतो, बॅटरीला मात्र कळतो. आणि विजा चमकू लागल्या की स्पर्धा कोणत्याही टप्प्यावर असो, अँटेनाची केबल यंत्रापासून काढून घराबाहेर ठेवावी. विदर्भात वीज पडून जीव जाण्याच्या घटना दरवर्षी घडतात. कोणतीही धावसंख्या त्या धोक्याच्या मोलाची नाही.

शर्यतीबाहेरची कसोटी

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर स्पर्धेच्या निकालात मिळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि २००१ च्या जानेवारीत भूज हादरले, तेव्हा दूरध्वनी बंद पडलेल्या भागांतून हौशी रेडिओचालकांनी संदेश पोहोचविले. डिसेंबर २००४ मधील उदाहरण तर या विषयाच्या अगदी जवळचे आहे. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक चमू पोर्ट ब्लेअरला गेला होता. अनेक वर्षे हॅम केंद्र नसलेल्या अंदमानमधून जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधणे, हा त्यांचा हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. काही वेळापूर्वीपर्यंत दूरदूरच्या केंद्रांच्या हाका टिपणारी हीच यंत्रे आणि हीच माणसे बेपत्ता नातेवाइकांचे निरोप आणि प्रशासनाचे संदेश मुख्य भूमीकडे पाठवू लागली.

हौसेकडून सेवेकडे वळायला त्यांना नवे काही शिकावे लागले नाही. गोंगाटातून एक नाव अचूक टिपणे, ते परत म्हणून पडताळणे, नेमके तेवढेच बोलणे, दुसऱ्याला वाट देणे आणि वेळेसह नोंद ठेवणे, हीच तर स्पर्धेची शिकवण. स्पर्धेत एक अक्षर चुकले तर नऊ गुण जातात. मदतकार्यात गावाचे नाव एका अक्षराने चुकले तर गाडी भलत्या गावाला जाते.

यवतमाळ जिल्ह्याला हे दूरचे वाटू नये. जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला आणि अडकलेल्यांच्या सुटकेसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागवावी लागली. पैनगंगा, अरुणावती, अडाण आणि वर्धा या नद्यांकाठच्या गावांना पुराची नवलाई नाही. मोबाइलचे मनोरे विजेवर चालतात आणि बॅटरी संपली की गप्प होतात. अशा वेळी तालुक्याच्या ठिकाणी सराव असलेला एखादा परवानाधारक हॅम असणे, ही गंमत राहत नाही.

सुरुवात कोठून करावी?

परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन शाखा देते. किमान वय १२ वर्षे. इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे आणि नियम यांची परीक्षा असते. २००९ मधील दुरुस्तीनुसार परवान्याच्या दोन श्रेणी झाल्या : मोर्सची अट नसलेली, ५० वॅटपर्यंतची प्रतिबंधित श्रेणी आणि मोर्सची परीक्षा असलेली, ४०० वॅटपर्यंतची सर्वसाधारण श्रेणी. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने अर्ज करण्यापूर्वी विभागाच्या संकेतस्थळावरील ताजी माहिती पाहावी. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे बेकायदा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

भारतीय स्पर्धकाला एक लाभ आपोआप मिळतो. २२ व्या विभागातून बोलणारी केंद्रे तुलनेने थोडी असल्याने जगभरच्या स्पर्धकांना ती गुणक म्हणून हवी असतात. १०० वॅट आणि एका तारेच्या जोरावर एखाद्या भारतीय केंद्राने हाक दिली आणि ती ऐकू गेली, तर उत्तर देणाऱ्यांची रांग लागू शकते. ती रांग शिस्तीने हाताळता आली पाहिजे, एवढेच.

परवाना मिळेपर्यंत ऐकण्याचा सराव करता येतो. साध्या लघुलहरी रेडिओवर हॅमचे आवाज बदकाच्या बोलण्यासारखे अनाकलनीय वाटतात. पण इंटरनेटवरून कोणालाही ऐकता येतील अशी ग्राहकयंत्रे जगात अनेक ठिकाणी उपलब्ध आहेत. ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवारी सायंकाळी १४.१५ ते १४.३५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान एक तास बसावे, वही घ्यावी आणि ऐकू येणारी संकेतनामे वेळेसह लिहावीत. तेच केंद्र पुन्हा सापडले की आपली नोंद पडताळावी. पहिल्या तासात दहा नावे बिनचूक उतरली तरी पुष्कळ झाले. ज्या दिवशी ती पन्नास होतील आणि त्यांत एकही चूक नसेल, त्या दिवशी परीक्षेचा अर्ज भरायला हरकत नाही.